लहानपणी पाहिलेला 'द रेड बलून' मोठेपणी पुन्हा पाहावा का?

तुम्ही विचारलंय की शाळेत असताना पाहिलेला 'द रेड बलून' हा फ्रेंच लघुपट इतक्या वर्षांनी पुन्हा पाहावा, की तो आठवणीतच ठेवलेला बरा. आणि सहा वर्षांच्या लेकीला दाखवला तर शेवट तिला झेपेल का.

पाहा, आणि तिला शेजारी बसवूनच पाहा. कदाचित ती रडेल. तरीही दाखवा.

मी हा लघुपट शाळेत पाहिला, मग कॉलेजच्या दिवसांत फिल्म सोसायटीत, आणि अलीकडे भाचरांना घेऊन. लहानपणी मला फक्त फुगा दिसायचा. तो लाल होता, टपोरा होता, आणि आपल्यामागून कुणीतरी असं यावं असं वाटायचं. मोठेपणी पाहिला तेव्हा मला दारं दिसायला लागली.

आठवून बघा. पास्काल नावाच्या छोट्या मुलाला तो फुगा दिव्याच्या खांबाला अडकलेला सापडतो. तो वर चढून त्याला सोडवतो आणि बस पकडायला जातो, तर कंडक्टर फुग्यासकट चढू देत नाही. मग पोरगं शाळेपर्यंत धावत जातं. घरी आल्यावर घरातली बाई फुगा खिडकीतून बाहेर सोडून देते. शाळेत फुगा शिरतो म्हणून मुख्याध्यापक पास्कालला कोंडून ठेवतात. चर्चमधूनही दोघांना बाहेर काढलं जातं. या गावात मोठ्या माणसांची जेवढी दारं आहेत, त्यातलं एकही फुग्यासाठी उघडत नाही. आणि तो फुगा काय करतो? बाहेर थांबतो. खिडकीबाहेर थांबतो, बसच्या मागे मागे येतो, शाळेबाहेर वाट बघतो. ही मैत्री सगळी वाट बघण्यातून उभी राहते. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण होत नाही, पण कोण कुणासाठी किती वेळ थांबलं हे आपण मोजत राहतो. म्हणूनच पास्काल केक घ्यायला बेकरीत शिरतो आणि फुगा बाहेर थांबतो, तेव्हा पुन्हा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दांडगट पोरांची एक टोळी फुगा पळवते ती नेमकी तिथूनच.

लहानपणी निसटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे या फुग्याचा स्वभाव. तो आज्ञाधारक नाही. पास्काल हात पुढे करतो तेव्हा तो हुलकावणी देतो, त्याची थट्टा करतो. जुन्या बाजारात पास्काल एका मुलीच्या चित्रासमोर रेंगाळतो, तेव्हा हा तिकडे आरशात स्वतःला न्याहाळत बसतो. वाटेत निळा फुगा घेतलेली मुलगी भेटते, तर तिचा निळा फुगा तिचा हात सोडून याच्या मागे यायला लागतो. आपल्याकडे जत्रेतून गॅसचा फुगा घेतला की आई आधी त्याची दोरी मनगटाला बांधते, कारण सुटला की गेलाच. पास्कालचा फुगा सुटलेलाच आहे. तो कुठेही जाऊ शकतो आणि तरी रोज परत येतो. मैत्रीबद्दल एवढं नेमकं मी मुलांच्या फार थोड्या सिनेमांत पाहिलंय.

आता तुमच्या मनातली खरी शंका: मोठेपणी जादू उडून जाईल का? दोरे दिसतील का? मला वाटतं, उलट होईल. दिग्दर्शक अल्बेर लामोरिसने हा लघुपट १९५६ साली केला. त्यात संगणक नाही आणि चित्रफितीवरची हातचलाखीही जवळपास नाही. खरा फुगा, खऱ्या गल्लीत, खऱ्या मुलाच्या मागून जाताना दिसतो. आंद्रे बाझाँ या फ्रेंच समीक्षकाने याच मुद्द्यावर लिहिलं होतं. मुलगा आणि फुगा एकाच चौकटीत, एकाच सलग दृश्यात दिसतात म्हणून आपला विश्वास बसतो, असं त्याचं म्हणणं. फुग्याला कुणीतरी हलवतंय हे त्याला माहीत होतंच, पण ती युक्ती कॅमेऱ्यासमोर घडते, संकलनाच्या टेबलावर नाही. एकदा मुलाचा चेहरा आणि एकदा फुगा अशी आलटून पालटून दृश्यं जोडली असती, तर आपण गोष्ट समजून घेतली असती, पण फुगा जिवंत वाटला नसता. भाचरांबरोबर पाहताना मी मुद्दाम फुग्याच्या आसपासच्या हवेकडे बघत होतो. तरीही पाच मिनिटांत विसरलो की मी काही शोधतोय.

पास्कालचं काम करणारा मुलगा लामोरिसचाच, त्याचंही नाव पास्काल. निळ्या फुग्याची ती मुलगी म्हणजे त्याची लेक साबीन. बाप कॅमेऱ्यामागे असल्यामुळे असेल, पण त्या पोराच्या चालण्यात जराही अभिनय नाही. पाच-सहा वर्षांचं मूल एकटं शाळेला जाताना जसं स्वतःशीच गंभीर असतं, तसा तो आहे. जेमतेम ३४ मिनिटांच्या या कामाला कान महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटांना मागे टाकून मूळ पटकथेचं ऑस्करही. बोलणं जवळपास नसलेल्या सिनेमाला पटकथेचा पुरस्कार! पण वर दारांची जी ओळ सांगितली ती बघा, म्हणजे तो का मिळाला हे कळेल.

आणि ते शहर. हे पुन्हा पाहण्याचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण आहे. चित्रीकरण पॅरिसच्या पूर्वेकडच्या बेलव्हिल आणि मेनिलमाँताँ या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत झालं. टेकडीवर चढत जाणाऱ्या पायऱ्या, ओले दगडी रस्ते, पोपडे निघालेल्या भिंती, सगळं राखाडी आणि निळसर. त्या रंगहीनतेमुळेच फुगा इतका लाल दिसतो. एदमाँ सेशाँचा कॅमेरा कुठेही पॅरिसची पोस्टकार्डं काढत नाही. पाऊस येतो तेव्हा पास्काल फुगा भिजू नये म्हणून अनोळखी माणसांच्या छत्र्यांचा आसरा घेत पुढे जातो, आणि तेवढ्यात त्या वस्तीतले चेहरे आपल्याला भेटून जातात. त्यातलं बरंचसं पुढे उरलं नाही. १९६० च्या दशकात जुन्या, पडक्या वस्त्या हटवण्याच्या मोहिमेत बेलव्हिलमधल्या अनेक गल्ल्या पाडल्या गेल्या. १९८८ मध्ये त्या टेकडीवर बाग झाली. लामोरिसला वस्तीचं दस्तऐवजीकरण करायचं नसावं, त्याला एक गोष्ट सांगायची होती. पण आज त्या पायऱ्यांवरून फुगा उतरताना दिसला की मी फुग्याच्या मागच्या खिडक्याही तितक्याच आसुसून बघतो.

शेवटाबद्दल मोकळेपणाने सांगतो, कारण तुम्ही तो पाहिलेला आहे. अरुंद बोळांतला पाठलाग, मग उघडं माळरान, गलोली, आणि तो फुगा. तो फटकन फुटत नाही. हळूहळू आक्रसत जातो, त्याच्या अंगावर सुरकुत्या येतात, आणि शेवटी एक पोरगा त्यावर पाय देतो. लहान मुलांसाठी केलेल्या सिनेमातला हा मला माहीत असलेला सगळ्यात प्रामाणिक मृत्यू आहे. दिग्दर्शक नजर दुसरीकडे वळवत नाही आणि संगीताने आपल्याला पिळूनही काढत नाही. ती टोळीतली पोरं मला आता दुष्ट वाटत नाहीत. त्यांनाही फुगा हवाच होता. पण त्यांना तो दोरीला बांधलेला हवा होता, आणि ते जमेना म्हणून त्यांनी दगड उचलले.

मग पॅरिसभरातले फुगे आपापल्या मुलांचे हात सोडून पास्कालकडे येतात. तो त्यांच्या दोऱ्या एकत्र धरतो आणि ते त्याला उचलून छपरांवरून घेऊन जातात. माझी धाकटी भाची यावर टाळ्या पिटत होती. थोरल्याने मात्र विचारलं, "पण तो घरी कसा येणार?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. काही मोठी माणसं या शेवटाला मृत्यूचं रूपक म्हणतात. तसं वाचता येतंही, पण ते वाचन मुलांवर लादायची काय गरज? मला स्वतःला तो शेवट सांत्वन म्हणून कमी आणि सूड म्हणून जास्त पटतो. ज्या शहराने एका फुग्याला जागा दिली नाही, त्या शहरातले सगळे फुगे एकदम निघून जातात.

पाहायचा कसा, याबद्दल दोन गोष्टी. मोबाइलवर नको. टीव्हीवर, खोलीत थोडा अंधार करून, आणि पुनर्संस्कारित प्रत मिळाली तर तीच, कारण जुन्या फिकट प्रतींत लाल रंग विटकरी होऊन जातो आणि अर्धा सिनेमा तिथेच संपतो. मध्येच थांबवून "बघ हं, आता काय होईल" असं करू नका. बोलणं इतकं कमी आहे की भाषेची अडचण येत नाही, तिला सगळं कळेल. गलोलींच्या दृश्याला तिने हात धरला तर धरू द्या, पण पुढे ढकलू नका. ते दृश्य गाळलं तर बाकीचे फुगे का आले हे तिला कळणार नाही.

नंतर तुम्हाला स्वतःला आणखी पाहावंसं वाटलं, तर लामोरिसचाच त्याआधीचा, १९५३ चा 'क्रँ ब्लाँ' पाहा. दक्षिण फ्रान्सच्या कामार्ग पाणथळ प्रदेशातला पांढरा रानघोडा आणि एक कोळ्याचा मुलगा यांची गोष्ट, कृष्णधवल. लामोरिस १९७० मध्ये इराणमध्ये करज धरणाजवळ चित्रीकरण करताना हेलिकॉप्टर कोसळून गेला, नाहीतर त्याच्याकडून अजून काय काय आलं असतं! 'क्रँ ब्लाँ' मात्र लेकीला दोन-तीन वर्षांनी दाखवा. त्याच्या शेवटी घोडा आणि मुलगा दोघंही समुद्रात शिरतात. माणसं आणि घोडे जिथे कायमचे मित्र असतात अशा जागी घोडा त्याला घेऊन गेला, असं निवेदक सांगतो, पण पडद्यावर तर लाटाच दिसत असतात. ते सहा वर्षांच्या मुलीला कसं समजवायचं, हे मला तरी अजून सुचलेलं नाही.