मागची ओळ धूसर येते म्हणून लेन्स उघडू नका

पूर्वी ३५ मिमी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने, एफ/५.६ ॲपर्चरला (ॲपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) काढलेले दोन ओळींचे कौटुंबिक फोटो स्वच्छ येत. आता याशिका मॅट १२४ जी या दोन लेन्सच्या (वरची पाहण्यासाठी, खालची फोटोसाठी) फिल्म कॅमेऱ्यावर त्याच ॲपर्चरला, त्याच तीन मीटरवरून मागची ओळ धूसर येते, तर लेन्स दुरुस्तीला द्यावी का, असे आपण विचारले आहे. कृपया इतक्यात देऊ नका.

माझा कॅमेरा हाच होता आणि तक्रारही हीच. ज्या दुरुस्तीच्या दुकानात मी तो नेला, तिथे निगेटिव्ह पाहायलासुद्धा कोणी मागितली नाही. ‘लेन्स हलली आहे’ असे सांगून त्यांनी कॅमेरा उघडला, कित्येक महिने ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा वरच्या व खालच्या लेन्सचा मेळ पुरता बिघडलेला होता: वरच्या लेन्सचे चित्र दाखवणाऱ्या काचेवर डोळे रेखीव दिसत आणि निगेटिव्हवर कान रेखीव येत. ॲपर्चर किती ठेवले होते, एवढे जरी विचारले असते तरी पुढचे सारे टळले असते, याचा मला आजही संताप येतो.

या कॅमेऱ्याची निगेटिव्ह ६×६ सेंमीची, आणि तिची नॉर्मल लेन्स ८० मिमीची असते. मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जमेंट कमी लागते, त्यामुळे थोडी अधिक धूसरता खपून जाते हे खरे. पण फोकल लेंग्थ (लेन्सचा तो मिमीतला आकडा) वाढल्याचा तोटा तिच्या वर्गाच्या प्रमाणात होतो आणि तो त्या फायद्याला पुरून उरतो. तीन मीटरवर, एफ/५.६ ला, ५० मिमी लेन्स फोकसच्या मागे सुमारे पाऊण मीटर रेखीव सांभाळते, तर आपली ८० मिमी जेमतेम अर्धा मीटर. (हे आकडे नेहमीच्या आकाराच्या प्रिंटसाठी आहेत, प्रिंट मोठी केली की ते आक्रसतात.) सॅन फ्रान्सिस्कोत १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांच्या गटाने ‘एफ/६४’ हे नाव घेतले, तेही मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यांवरूनच, ८×१० इंची फिल्मवरचे एफ/६४ डेप्थ ऑफ फील्डच्या (रेखीव राहणाऱ्या खोलीच्या) हिशेबात ३५ मिमीवरच्या साधारण एफ/८ इतकेच भरते.

काचेवर यातले काहीच कळत नाही, कारण वरची लेन्स कायम एफ/२.८ ला उघडी असते. माझ्या मते, समूहचित्राला छिद्र एफ/११ पेक्षा मोठे उघडूच नये. शटर १/१२५ वरून १/३० वर येईल, म्हणून ट्रायपॉड किंवा ४०० आयएसओची (कमी प्रकाशात चालणारी) फिल्म घ्यावी, आणि फोकस पुढच्या ओळीच्या डोळ्यांवर न धरता त्यांच्या खुर्च्यांच्या पाठींवर धरावा. तरीही शंका उरली, तर ट्रायपॉडवरून, एफ/३.५ ला, तिरप्या ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ठरावीक ओळीवर फोकस करून फोटो काढा. निगेटिव्हवर तीच ओळ रेखीव आली, तर लेन्स ठीक आहे.