मंडळीतील एखादी व्यक्ती अबोल होत चालली असेल, तर ख्रिस्ती माणसाने प्रार्थनेखेरीज काय करावे?

सप्रेम सलाम.

आपण लिहिले आहे की, आपल्या मंडळीतील एक गृहस्थ काही महिन्यांपासून अबोल झाले आहेत, विचारले तर "प्रभूच्या कृपेने बरे आहे" एवढेच म्हणतात; तेव्हा प्रार्थनेखेरीज आपण काय करावे आणि पाळकसाहेबांच्या कानावर घालावे की नाही. मी जालना जिल्ह्यातील एका खेड्यातल्या मंडळीचा सभासद असून निवृत्त शिक्षक आहे. हाच प्रसंग माझ्यासमोर आला तेव्हा मी चुकलो होतो, म्हणून आधी ती चूक सांगतो.

आमच्या उपासनेत एक शेतकरी नेमाने पुढच्या सतरंजीवर बसत. एका वर्षी परतीच्या पावसात त्यांच्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. त्यानंतर ते दाराशी बसू लागले आणि दानार्पणाचे गीत सुरू झाले की हळूच उठून बाहेर जाऊ लागले. हे मी कितीतरी रविवार पाहिले आणि जनावरांच्या वैरणपाण्याची घाई असेल, असे धरून चाललो. थैलीत टाकायला खिशात दहा रुपये नाहीत आणि रिकामी मूठ थैलीत घालण्याची लाज वाटते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी दारात हात मिळवून "बरं आहे ना?" असे विचारी, ते "बरं हाय सर" म्हणत, आणि तेवढ्यावर माझे समाधान होई. पुढे कोणीतरी भर उपासनेत त्यांचे नाव घेऊन त्यांच्या "आर्थिक अडचणीसाठी" प्रार्थना मागितली. हेतू चांगलाच होता. पण त्यानंतर चार महिने त्या घरातले कोणीही उपासनेला आले नाही.

मत्तयाच्या नवव्या अध्यायात लोकसमुदायाला पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असे म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा संबंध आतड्यांशी आहे, आणि आपणही मराठीत 'आतडे तुटते' असेच म्हणतो, त्यामुळे तो शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. मला त्या वाक्यात महत्त्वाचा वाटतो तो 'पाहून' हा शब्द. लोकांनी काही मागितले नव्हते, कोणी प्रार्थनेचा विषय दिला नव्हता, त्याने पाहिले. मी मात्र इतके रविवार केवळ बघत होतो.

जुन्या करारात एलिया एका झुडपाखाली बसून मरण मागतो (1 राजे 19). एवढा मोठा संदेष्टा, पण देवदूत त्याला अविश्वासाबद्दल बोल लावत नाही. तो त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. देवाचा प्रश्न आणि संभाषण त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर येते. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा होतो. जो मनाने खचला आहे त्याला आपण आधी वचन ऐकवतो, "विश्वास कमी पडतोय" असेही सुनावतो, आणि 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही, हे सोयीस्करपणे विसरतो.

शेवटी माझी पत्नी म्हणाली, "बोलवायला नको जाऊ, नुसतं जाऊ." एका बुधवारी संध्याकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांची मालकीण कापसातली कवडी निवडत होती, आम्हीही हात लावला. पहिल्या दोन खेपांना पाऊसपाणी आणि नातवंडे यांपलीकडे बोलणे गेले नाही. तिसऱ्या खेपेला ते खाली मान घालून म्हणाले, "सर, महिना झाला, डोळ्याला डोळा नाही." मग खाजगी सावकाराचे कर्ज निघाले, मुलीचे मोडलेले लग्न निघाले. माझ्या पत्नीने त्यांना सरळ विचारले, "दादा, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" मी दचकलो, परंतु असे विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात नव्याने पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते रडले. गोठ्याच्या आढ्याला खोचलेली फवारणीच्या औषधाची बाटली त्याच रात्री मी माझ्या घरी आणली आणि त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयातील मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर गेलो. औषध सुरू झाल्यावर आधी झोप आली. कर्ज अजून आहे, ते फिटत आले आहे असे मी म्हणणार नाही.

घरात कोणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असेल, तर गावाकडे लोक पोलिसांच्या धाकाने तो लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे असते आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करायची नसते, हे त्या घराला जरूर सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीत बोलता येते, आणि जवळच्या माणसालाही काय करावे हे विचारता येते.

आपण डोळे उघडे ठेवाल तर असे अबोल लोक आणखीही दिसतील. बीडकडच्या वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि मागे म्हाताऱ्या माणसांचा नाताळ पोराबाळांविना जातो. "कसं चाललंय" या प्रश्नाला तीही "बरं हाय" असेच उत्तर देतात.

आता पाळकसाहेबांविषयी. आधी त्या गृहस्थांना विचारा: "मी पाळकसाहेबांना सांगू का, की आपल्या दोघांतच ठेवू?" ते नको म्हणाले तर सांगू नका, प्रार्थनासभेत आडून सुचवूही नका, कारण गावात आडून सुचवलेले नाव सर्वांना कळते. त्यांच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर मात्र त्यांचा रुसवा पत्करून घरातील एका जाणत्या माणसाला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, आणि तसे केल्याचे त्यांना स्वतःच्या तोंडाने कळवा.