पाणी दाराशी येण्याआधी गल्लीने काय ठरवावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की आपत्तीच्या तयारीबद्दल प्रश्न येतात. यंदा बरेचसे प्रश्न एकट्या घरापुरते नाहीत, गल्लीबद्दल, सोसायटीबद्दल, वाडीबद्दल आहेत, याचं मला फार बरं वाटलं. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही सांगलीत राहतो. २०१९ ला घरात तीन फूट पाणी होतं, २०२१ ला उंबऱ्याला लागून परत गेलं. दर वर्षी मोबाइलवर ‘आयर्विनला ४२ फूट’, ‘आता ४४’ असे निरोप फिरतात आणि गल्लीत नुसती घालमेल होते. कुणी म्हणतं निघा, कुणी म्हणतं थांबा. नेमकं निघायचं कधी?

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे आकडे शहरासाठी आहेत, तुमच्या घरासाठी नाहीत. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट यांसारख्या सखल भागांत पाणी सगळ्यात आधी शिरतं आणि उंचावरच्या पेठेत त्या वेळी दुकानं उघडी असतात. तुमच्या गल्लीला स्वतःचा आकडा काढावा लागेल. तो काढता येतो, आणि तुमच्या प्रश्नातच त्याची निम्मी माहिती आहे.

२०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमच्याकडे तीन फूट म्हणजे ढोबळमानाने ५४ फुटांना पाणी तुमच्या उंबऱ्याला लागतं. २०२१ ला पातळी पंचावन्नच्या आसपास जाऊन थांबली होती, तेव्हा हा हिशेब जुळतो. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ५४ ची वाट बघत बसतात. घात होतो तो इथे.

तुम्ही घराबाहेर पडता ते गल्लीच्या तोंडातून. गल्लीचं तोंड किंवा पुढचा नाल्यावरचा मोरीपूल तुमच्या उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे ते मोजा. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडे पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप असतो. एक टोक उंबऱ्याशी धरायचं, दुसरं टोक पुढे न्यायचं, भिंतींवर खडूने खुणा करत जायचं. रविवारची सकाळ पुरते. समजा रस्त्यातली सगळ्यात खोल जागा उंबऱ्यापेक्षा चार फूट खाली निघाली, तर ५० फुटांनाच तुमची वाट बंद होते. घर कोरडं असतं आणि तुम्ही अडकलेले असता. त्यात नदीला फूग आली, म्हणजे पाणी पुढे न सरकता मागे तुंबलं, की नाल्यातून पाणी उलटं चढतं आणि हिशेबाच्या आधीच रस्त्यावर येतं, म्हणून आणखी दोन-तीन फूट हाताशी ठेवा. म्हणजे दाराचा आकडा ५४, पण तुमचा निघायचा आकडा ४७.

हा आकडा गल्लीने एकत्र बसून ठरवावा आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहावा. खाली २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेषाही ओढा. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना त्या आठवतात, दहा वर्षांनी नव्याने राहायला आलेल्यांना कुठून आठवणार? त्याबरोबर दोन माणसं नेमा: पाटबंधारे विभागाची पातळी दर तीन तासांनी बघायची आणि तासाला किती इंच चढतंय ते सांगायचं काम त्यांचं. तासाला एक इंच चढत असेल तर फूटभर पाण्याला अर्धा दिवस मिळतो. तीन इंच असेल तर चार तास. घालमेल थांबते ती या साध्या भागाकाराने. कोल्हापूरकरांनी हाच हिशेब पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरून करावा. तिथे इशारा ३९ आणि धोका ४३ फुटांना आहे.

४७ ला निघाल्यावर पाणी ४९ लाच थांबलं तर लोक म्हणतील, उगाच पळवलं. म्हणू द्यात.

प्रश्न: शिरोळ तालुक्यात आमचं गाव आहे. बोट आली तरी माणसं निघत नाहीत, कारण दावणीला म्हशी असतात. आम्हाला हट्टी म्हणतात. यावर उपाय काय?

तुम्हाला हट्टी म्हणणाऱ्यांनी एका दुभत्या म्हशीची किंमत विचारून बघावी. जनावर मागे सोडून जाणं म्हणजे पुढच्या वर्षभराची कमाई सोडून जाणं. म्हणून जनावरांचा आराखडा हाच गावाचा आराखडा धरा, माणसं आपोआप निघतात.

गुरं माणसांच्या किमान एक दिवस आधी हलली पाहिजेत, पायी, रस्ता कोरडा असताना. त्यासाठी चार गोष्टी उन्हाळ्यातच ठरवा: कुठल्या उंच गावातल्या कुणाच्या माळावर जायचं (तिथल्या ग्रामपंचायतीशी तोंडी नको, ठराव करून), तिथे आठवड्याची वैरण आधी कोण पोचवणार, धार काढायला आणि राखणीला कोण थांबणार, आणि दूध संस्थेची गाडी तिथे येईल का. शेवटचा मुद्दा कुणी विचारात घेत नाही, पण रोजचं दूध जात राहिलं तर माणूस छावणीत शांतपणे राहतो. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असू द्या आणि त्याचा नंबर मोबाइलमध्ये फोटोसकट ठेवा. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासमोर तोच कामाला येतो. आणि अगदीच वेळ उरला नाही तर दावं सोडा. बांधलेलं जनावर दावणीतच बुडतं, मोकळ्या म्हशीला पोहता येतं.

बोटीबद्दल एक विनवणी. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला खचाखच भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. ती माणसं निष्काळजी नव्हती, घाबरलेली होती. बोटीत किती जण बसायचे हे घाबरलेल्या गर्दीसमोर ठरवता येत नाही. जितकी लाइफ जॅकेटं तितकीच माणसं, असा नियम गावसभेत आधीच करून घ्या आणि काठावर उभं राहून मोजायला गाव ज्याचं ऐकतं असा माणूस नेमा.

प्रश्न: चिपळूणला बाजारपेठेत दुकान आहे. आमच्याकडे पाणी काही तासांत येतं, फूट मोजत बसायला वेळ कुठला?

खरं आहे. २२ जुलै २०२१ ला लोक झोपेतून उठले तेव्हा वाशिष्ठी नदीचं पाणी पेठेत होतं. कृष्णेचा हिशेब तुम्हाला लागू नाही. तुम्हाला पहारा लागेल. हवामान खात्याने लाल इशारा दिलेल्या रात्री पेठेतल्या दोघांनी आळीपाळीने जागं राहायचं, भरतीची वेळ जवळ ठेवायची. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खाडी पाणी घेत नाही. शिट्टी किंवा भोंगा ठेवा, वीज गेली की फोन चालतीलच असं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी जूनमध्येच बोलून ठेवा: वह्या, बिलं, महागडा माल त्या रात्री त्यांच्याकडे. विम्यात पुराचा समावेश आहे ना, तेही आजच बघा.

आणि नदीतला गाळ काढून घेण्याचा पाठपुरावा सोडू नका. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्याच्या कामाला वेग आला. नदी दर पावसात पुन्हा गाळ आणते, तेव्हा ही मागणीही दर वर्षीचीच आहे.

प्रश्न: मुंबईत आमच्या सोसायटीत आपत्ती समिती केली आहे, दहा नावं नोटीस बोर्डावर लावली. पण काही होईल असं वाटत नाही. काय चुकतंय?

त्या दहा जणांपैकी मंगळवारी दुपारी तीन वाजता इमारतीत कितीजण असतात? २६ जुलै २००५ हा मंगळवार होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कर्ती माणसं ऑफिसात आणि लोकलमध्ये अडकली होती, मुलं शाळेत होती. घरी होते ते आजी-आजोबा, गृहिणी, घरकामाला येणाऱ्या मावशी आणि वॉचमन. समितीत हीच माणसं हवीत, आणि वॉचमनला व मावशींना बैठकीत खुर्ची द्या, नुसता निरोप नको.

मग मजल्यागणिक यादी करा. कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरवत नाही, कुणाचं डायलिसिस कुठल्या वारी असतं, कुणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे. प्रत्येक नावापुढे दोन शेजारी लिहा, एक गावाला गेलेला असू शकतो. ही यादी नोटीस बोर्डावर लावू नका. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा पत्ता चव्हाट्यावर मांडणं बरं नाही. एक प्रत सेक्रेटरींकडे, एक बंद पाकिटात वॉचमनच्या केबिनमध्ये.

पंप आणि मीटर तळघरात असतील तर ते वर घेण्याचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत आणा. इमारत आग प्रतिबंधक कायद्याखाली येत असेल तर अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तेवढं निमित्त साधून वर्षातून दोनदा सगळ्यांना जिन्याने खाली उतरवा. पहिल्या खेपेला कळेल की गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे तेच कुणाला माहीत नाही.

प्रश्न: उमरगा तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे दगडी भिंतींवर मातीचं सपाट छप्पर असलेलं, घर आहे. वडील ते पाडू देत नाहीत. भूकंपाच्या दृष्टीने काही करता येईल?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात माणसं दगावली ती मुख्यत्वे अशाच घरांत. जाड दगडी भिंती प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असतात, मध्ये दगडगोटे आणि माती. हादरा बसला की दोन्ही पदर सुटतात आणि वरचं मातीचं ओझं खाली येतं. वडिलांचं मन मोडायची गरज नाही. माळवदावरचा वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा थर उतरवून हलका करा, भिंतींत ठरावीक अंतरावर दोन्ही पदर धरून ठेवणारे आरपार जोडदगड किंवा सळईचे काँक्रीटचे जोड बसवा, वरच्या बाजूने चारही भिंती एकमेकींना बांधणारा पट्टा घाला. काम जाणकार इंजिनिअरच्या देखरेखीखाली करा. तोवर आई-वडिलांची खाट दगडी भिंतीपासून दूर, पत्र्याच्या ओसरीत हलवा.

तुमच्या भागात हे ज्ञान गावात आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केलं. घराची दुरुस्ती कशी करायची, हप्ता कधी मिळतो, गवंड्याने काय चुकवलं, हे त्या घराघरांत जाऊन समजावत. त्यातल्या कुणी तुमच्या गावात असतील तर वडिलांशी बोलायला त्यांनाच घेऊन जा. माझ्यापेक्षा त्यांचं वडील नक्की ऐकतील.