घाऱ्या डोळ्यांचे बाळ आणि घरातली कुजबुज

आई-वडील दोघांचेही डोळे काळेभोर आणि बाळाचे घारे असले, की नातेवाइकांत कुजबुज सुरू होते आणि ती बहुधा आईच्या चारित्र्यापर्यंत जाऊन पोहोचते. कोकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांचे आपल्याकडे कौतुक होते. तेच डोळे दुसऱ्या घरात जन्मले की संशय येतो, याचे मला नेहमीच नवल वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून अशाच एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडते.

नवरा, बायको आणि सासूबाई अशी तिघे वर्षाच्या बाळाला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. बारशाच्या दिवशी नवऱ्याच्या आत्याने ‘हे कुणावर गेलंय?’ असे विचारले होते आणि तेव्हापासून त्याच्या मनात डीएनए चाचणीचा विचार घोळत होता. बाळाचे केस काळे होते आणि नजर स्थिर होती. केस व त्वचा अगदी पांढरट असती किंवा डोळे सतत हलत असते, तर वर्णहीनतेच्या, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य कमी असण्याच्या विकाराच्या शंकेने मी त्यांना आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले असते.

बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य किती आहे, यावर डोळ्यांचा रंग मुख्यतः ठरतो, हे मी त्यांना समजावले. पंधराव्या गुणसूत्रावरचे ओसीए२ हे जनुक मेलॅनिनच्या निर्मितीत भाग घेते आणि शेजारच्या एचईआरसी२ जनुकातला एक छोटासा बदल त्याचे काम मंदावतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात; हा बदल आई-वडिलांच्या एकाच प्रतीत असेल तर त्यांचे डोळे सहसा गडदच राहतात, पण बाळाला तो दोघांकडूनही मिळाला तर डोळे फिके होऊ शकतात. इतरही अनेक जनुके यात हातभार लावत असल्यामुळे शाळेतला प्रभावी-अप्रभावी गुणांचा तक्ता येथे अपुरा पडतो.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता: सुनेने गरोदरपणी केशराचे दूध घेतले, म्हणून तर मूल उजळ झाले नाही ना? मी त्यांना मनगटावरच्या बांगड्या सरकवायला सांगितल्या. खालचा पट्टा सरळसरळ उजळ दिसला. उन्हाने त्वचेतले मेलॅनिन वाढते, परंतु त्या पट्ट्याचा मूळ वर्ण अनेक जनुकांनी ठरवलेला असतो आणि गर्भातल्या बाळाच्या वर्णावर केशराचा परिणाम होत नाही.

डोळ्यांच्या रंगावरून पितृत्वाची शंका घेण्याला आधार नाही, हे नवऱ्याला पटले. तरीही ‘एकदा खात्री करून घेऊ’ हे त्याचे पालुपद सुटेना. तोवर गप्प असलेली बायको म्हणाली, ‘चाचणीला माझी ना नाही. पण त्यानंतर मी या घरात कोणत्या नात्याने राहायचं, ते आधी यांनी सांगावं.’ पुढच्या भेटींत आम्ही जनुकांविषयी फारसे बोललो नाही. आत्याला उत्तर कोणी द्यायचे, यावरच बराच वेळ गेला. अखेर नवऱ्यानेच तिला फोन केला, आणि चाचणीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.