सातव्या चित्राबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सातही चित्रे दोन दिवस माझ्या टेबलावर मांडलेली आहेत. त्यांपैकी सहा चित्रे आधी पेन्सिलीने आखून मग शाईने गिरवलेली आहेत, हे रेघांच्या एकसारख्या चालीवरूनच कळते. सातव्यात मात्र डावीकडून निघालेली एक रेघ मध्याशी थबकली आहे, टाक तिथे क्षणभर टेकल्यामुळे शाई फुटून ज्वारीच्या दाण्याएवढा डाग पडला आहे आणि पुढे तीच रेघ बारीक, जवळजवळ कोरडी होत कडेला पोचली आहे. या डागाबद्दल तू क्षमा मागितली आहेस; माझ्या मते सातांत जिवंत चित्र तेवढेच आहे.

चित्रांना ‘वेदना’, ‘एकांत’ अशी नावे दिल्याने अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेल्या, चित्रात भाव उतरत नाही. तैलरंगात चुकलेली जागा खरवडता येते, तिच्यावर दुसरा थर देता येतो. शाईत ती सोय नसल्यामुळे हाताची घाई, संकोच, दाब हे सारे कागदावर जसेच्या तसे राहते, आणि पाहणाऱ्यापर्यंत पोचते तेही तेच.

1984 च्या अपघातानंतर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना मोठे कॅनव्हास रंगवणे काही काळ अशक्य झाले, तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काम करू लागले. एखाद्या लिपीतली अक्षरे वाटावीत, पण वाचता येऊ नयेत, अशा त्या खुणा आहेत. अर्थ हाती लागत नाही, तरीही कुणीतरी अगदी जवळून बोलत असल्यासारखे वाटते.

पट्टीने आखलेली रेघ निर्जीव असते, असे तू लिहितोस. ते मला मान्य नाही. 1972 पासून बडोद्याला शिकवणाऱ्या चित्रकार नसरीन मोहमदी आरेखनाची उपकरणे वापरून शाईच्या आणि पेन्सिलीच्या रेघा काढत. त्यांच्या चित्रांत भाव रेघेइतकाच दोन रेघांमधल्या अंतरात असतो. ते अंतर किंचित वाढले की कागदावर उजेड पसरल्यासारखा दिसतो. आजारामुळे हातावरचा ताबा सुटत चालला असतानाही त्यांनी ही शिस्त सोडली नाही, हे ध्यानात ठेवून ती चित्रे पाहा. 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले.

आता कामाचे सांगतो. महिनाभर एकच कागद वापर. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ देतात; ती कमी असलेल्या हातकागदावर शाई चटकन फुटते, चांगल्या कार्ट्रिजवर, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदावर, ती वरच राहून सावकाश वाळते. हा फरक बोटांना कळल्याशिवाय डाग कुठे पडू द्यायचा हे ठरवता येणार नाही. पेन्सिल बाजूला ठेव. कोरा भाग भरून काढण्याची घाईही करू नकोस, कारण शाईच्या चित्रात पांढरा रंग फक्त कागदच देतो.

पुढच्या खेपेला फाडून टाकावेसे वाटलेले कागदही पाठव. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि शाईत किती पाणी घातले होते ते लिही.