वकील गाठू की आधी पेटंट टाकू?

प्रश्न : माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. कैरी फोडायच्या अडकित्त्याला मी स्प्रिंग आणि कोय बाजूला काढणारी पट्टी बसवलीय, बायको म्हणते पेटंट घे. ओळखीचे एक वकील आहेत, जमिनीच्या केसेस बघतात, त्यांना देऊ का काम?

उत्तर : दादा, जमिनीचे वकील सातबाऱ्यालाच ठेवा! पेटंटचा अर्ज स्वतःही करता येतो, पण दुसऱ्याला काम द्यायचं तर रजिस्टर्ड पेटंट एजंट लागतो, म्हणजे सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री आणि वर सरकारी परीक्षा पास झालेला, नुसती सनद असून भागत नाही. पहिल्या भेटीत विचारा की मेकॅनिकलमधले क्लेम्स (शोधातलं नेमकं काय आपलं ते सांगणारे दावे) तुम्ही स्वतः लिहिलेत का, कारण सगळा जीव त्या क्लेम्समध्येच असतो, पट्टी नक्की कुठे वळते ते तिथे नीट आलं नाही तर शेजारचा पट्टी जराशी वाकवून तेच विकेल. फी टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवा. 'पेटंट मिळवून देतोच' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. घाई असेल तर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, पुढे पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनाला, 12 महिने मिळतात, ऑफिस आपल्याला मुंबईचं लागतं पण सगळं ऑनलाइन होतं. आणि हो, अर्ज टाकेपर्यंत मंडईत कुणाला दाखवू नका, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ तर अजिबातच नको!