नदीचं मॉडेल केलं की नमुने घ्यायला जावं लागत नाही का?

लागतं. उलट जास्तच फेऱ्या होतात.

तुम्ही विचारलंय की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नदीच्या प्रदूषणाचं कॉम्प्युटर मॉडेल करायचंय, तर नमुने घेण्याची दगदग वाचेल का, आणि सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, यातला सोपा भाग तोच आहे.

नदी आज किती घाण आहे हे मॉडेल सांगत नाही, ते बाटलीत भरून आणलेलं पाणी सांगतं. मॉडेलचं काम पुढचं: नाल्याचं पाणी शुद्ध करून सोडलं तर काय होईल, प्रवाह आटला तर काय होईल. हा जमाखर्च आहे, आणि त्यातले आकडे तुम्हालाच आणून भरायचे असतात.

कागदावर करून बघा. नदीतून सेकंदाला 10 घनमीटर पाणी वाहतंय, त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 2 मिलिग्रॅम. त्यात सेकंदाला 1 घनमीटरचा, 100 बीओडीचा नाला मिळतो. मिसळल्यावर (10×2 + 1×100) भागिले 11, म्हणजे साधारण 11. आता उन्हाळा आला, नदीत 1 च घनमीटर उरलं. नाला तोच, पण उत्तर येतं 51! नाल्याने काहीही जास्त केलेलं नाही. म्हणून प्रवाह न मोजता नुसता बीओडी मोजून आणणाऱ्यांचा मला राग येतो.

यापुढे नदीत एक रस्सीखेच चालते. जिवाणू घाण खाताना ऑक्सिजन संपवतात, आणि हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात विरघळत राहतो. हे गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 साली मांडलं, आणि आजची बरीच मॉडेलं त्याचीच वाढवलेली रूपं आहेत. ऑक्सिजनचा तळ, म्हणजे तो सगळ्यात कमी होतो ती जागा, नाल्याच्या तोंडाशी येत नाही, पुढे येतो. घाण कुजण्याचा दर दिवसाला 0.3 आणि हवेतून भरपाईचा 0.6 धरला तर तो सव्वादोन-अडीच दिवसांनी येतो. पाण्याचा वेग सेकंदाला 0.3 मीटर असेल तर तेवढ्यात ते साठेक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. मासे तिथे मरतात आणि बोट तिथल्याच एखाद्या कारखान्याकडे दाखवलं जातं.

तापमान विसरू नका. 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 10 अंशांना 11 च्या वर. वरच्या उन्हाळ्याच्या आकड्यांवर मूळ सूत्र चालवलं तर ऑक्सिजन चक्क उणे येतो. घाबरू नका, त्याचा अर्थ नदीचा तो पट्टा सडला, आणि सूत्र तिथे लागू राहिलं नाही.

आता माझी फजिती. पहिलं मॉडेल केलं तेव्हा ते मोजमापांशी इतकं छान जुळलं की मी ते चार जणांना दाखवत फिरलो. एका वयस्कर सहकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "नमुने किती वाजता घेतलेस?" सगळे अकरा ते दोनच्या मधले होते, कारण न्याहारी करून निघायचो. त्या पट्ट्यात हिरवं शेवाळ भरपूर. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री श्वसन चालू राहतं आणि तोच ऑक्सिजन ओढतं. मग एकदा पहाटे साडेचारला टॉर्च तोंडात धरून मीटर पाण्यात सोडला. आकडा दुपारच्या निम्म्याहून कमी होता. माझं मॉडेल अचूकच होतं म्हणायचं, फक्त जेवणाच्या वेळेपुरतं.

आणखी एक सापळा आहे. कुजण्याचा आणि भरपाईचा दर दोन्ही एकाच पटीत वाढवले तर तळाची खोली जवळपास तीच राहते, फक्त त्याची जागा सरकते. ठिकाणं तीन-चारच असली तर चुकीच्या दरांची जोडीही झक्कास जुळते. त्यामुळे एका मोसमाच्या आकड्यांवर दर बसवा आणि दुसऱ्या मोसमाचे आकडे तपासणीसाठी बाजूला ठेवा. त्यांना आधी हात लावायचा नाही, मोह झाला तरी.

सॉफ्टवेअर म्हणाल तर क्वाल2के घ्या. फुकट आहे, एक्सेलमधून चालतं, आणि दिवस-रात्रीचा चढउतारही दाखवतं. मात्र ते प्रवाह स्थिर धरतं, त्यामुळे पावसाळ्यातल्या लोंढ्यासाठी उपयोगाचं नाही. तिथे वास्पसारखं काळाबरोबर बदलणारं मॉडेल लागेल. पण त्याआधी स्ट्रीटर-फेल्प्सचं सूत्र स्वतः एक्सेलमध्ये बसवून बघा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि पुढे मोठं मॉडेल काहीतरी विचित्र दाखवायला लागलं की ती छोटी शीटच उघडाल.